ताप आला की लगेच अँटिबायोटिक? आधी निदान, मग गोळी! गावच्या सरकारी दवाखान्यात कोणती तपासणी होते, औषध कधी लागतं, कधी नाही, वाचा सविस्तर

पाऊस उघडला, निंदणी-खुरपणी सुरू झाली की गावोगाव तापाची साथ येते. घरातलं एक माणूस पडलं की मागोमाग दुसरं. दवाखान्यात गेलं तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून माणूस सरळ स्टँडजवळच्या मेडिकलवर जातो. "ताप आहे, अंग दुखतं, काहीतरी द्या," म्हणतो. पुडीत एक तापाची, एक पित्ताची आणि एक 'पॉवरची' गोळी मिळते. ही पॉवरची गोळी म्हणजे बऱ्याचदा अँटिबायोटिक, म्हणजेच प्रतिजैविक. दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, माणूस कामाला लागतो आणि उरलेल्या गोळ्या डब्यात पडून राहतात. पुढच्या वेळी त्याच गोळ्या लेकराला अर्ध्या करून दिल्या जातात.

असा ताप पुष्कळदा विषाणूचा असतो आणि तो आपल्या आपण उतरणारच असतो. श्रेय मात्र गोळीला मिळतं. नुकसान नंतर कळतं. एखाद्या बाळंतिणीला, नवजात बाळाला किंवा ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या माणसाला खरोखर जिवाणूचा संसर्ग होतो आणि नेमकी तीच गोळी, तीच सुई चालत नाही. जगभरात २०१९ या एका वर्षात औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट सुमारे १२ लाख ७० हजार माणसं मेली, असा अंदाज 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. यात लहान मुलांचं प्रमाण मोठं आहे.

हे टाळायचं तर एकच रस्ता आहे. आधी आजार ओळखायचा, मग औषध द्यायचं. "आपल्याकडे कुठे एवढ्या मशिनी?" असं वाटणं साहजिक आहे. पण निम्मं निदान मशिनीशिवाय होतं, आणि उरलेल्यातल्या बऱ्याच तपासण्या आता तालुक्यापर्यंत आल्या आहेत.

जिवाणू आणि विषाणू, फरक काय?

जिवाणू म्हणजे बॅक्टेरिया आणि विषाणू म्हणजे व्हायरस. अँटिबायोटिक फक्त जिवाणूवर चालते. विषाणूवर तिचा काडीचाही उपयोग होत नाही. सर्दी-पडसं, फ्लू, डेंग्यू, चिकुनगुन्या, कावीळ (हिपॅटायटिस ए आणि ई), गोवर, कांजिण्या हे सगळे विषाणूचे आजार. हिवताप, म्हणजे मलेरिया, हा तर दोन्हींतला नाही. तो परजीवीचा आजार आहे आणि त्याची औषधं वेगळी आहेत.

न्यूमोनिया, टायफॉइड, क्षयरोग (टीबी), लघवीचा संसर्ग, पू झालेली जखम, बाळंतपणानंतरचा संसर्ग, लेप्टो, स्क्रब टायफस हे प्रामुख्याने जिवाणूचे आजार. न्यूमोनिया काही वेळा विषाणूनेही होतो.

अडचण अशी की सुरुवातीला सगळ्यांचं लक्षण एकच असतं, ताप. नुसतं कपाळाला हात लावून कोणता ताप आहे हे कुणालाच सांगता येत नाही, मेडिकलवाल्यालाही नाही.

औषध निकामी कसं होतं? बोंडअळी आठवा

कापूस पिकवणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. बीटी कापूस आला तेव्हा बोंडअळी मरायची. सगळीकडे तेच बियाणं, वर्षानुवर्षं तेच. जी थोडीफार अळी त्यातूनही वाचली, तिचीच पिल्लावळ वाढली. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातला बीटी कापूस खाल्ला, तो असा.

जिवाणूंचंही तसंच आहे. अँटिबायोटिक घेतली की कमजोर जिवाणू मरतात, दणकट उरतात. उरलेले वाढतात. अळीपेक्षा जिवाणू एका बाबतीत पुढे आहेत. औषधाला तोंड देण्याचा गुण ते शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतात. म्हणून गरज नसताना घेतलेली गोळी वाया तर जातेच, वर पोटातल्या चांगल्या-वाईट सगळ्या जिवाणूंना ती 'शिकवून' जाते. हे शिकलेले जिवाणू हाताने, पाण्याने, शौचावाटे घरात आणि गावात पसरतात. गोळी एकाने खाल्ली तरी नुकसान शेजाऱ्यालाही होतं.

पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये लावला. १९४५ साली नोबेल पारितोषिक घेताना त्यांनीच इशारा दिला होता, की अपुरं औषध घेतलं तर जिवाणू त्याला सरावतील. आज आपल्या देशात ती वेळ आली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अहवालांनुसार मोठ्या रुग्णालयांत आलेल्या नमुन्यांत लघवीच्या संसर्गाचं मुख्य कारण असलेला ई-कोलाय हा जिवाणू निम्म्याहून जास्त वेळा सेफोटॅक्झिमसारख्या भारी इंजेक्शनांनाही दाद देत नाही.

निदान मशिनीआधी माणूस करतो: गडचिरोलीचा धडा

साधनं कमी असली तरी निदान होतं, याचा मोठा पुरावा महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस गडचिरोलीतल्या खेड्यांत बालमृत्यूंवर काम सुरू केलं. लेकरं न्यूमोनियाने मरत होती. एक्स-रे नाही, डॉक्टर लांब. मग गावातल्याच आरोग्यदूतांना आणि दायांना एक साधी गोष्ट शिकवली, मुलाचा श्वास मोजणं. ज्यांना आकडेमोड येत नव्हती त्यांच्यासाठी मणी आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ असलेलं 'श्वासमापक' बनवलं.

खोकला आहे पण श्वास नेहमीच्या गतीने चालतोय, म्हणजे साधी सर्दी, अँटिबायोटिक नाही. श्वास जोरात चालतोय, म्हणजे न्यूमोनिया, अँटिबायोटिक लगेच. एवढ्या एका मोजणीवर औषध कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही हे ठरू लागलं. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. हे निष्कर्ष १९९० मध्ये 'लान्सेट'मध्ये आले. पुढे याच भागात घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याच्या पद्धतीने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासतात, त्या कामाचं मूळ इथे आहे.

श्वासाचा हा हिशेब प्रत्येक आईबापाला माहीत पाहिजे. मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावून पोट किती वेळा वर येतं ते मोजा.

• २ महिन्यांच्या आतलं बाळ: मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास
• २ महिने ते १ वर्ष: ५० किंवा जास्त
• १ ते ५ वर्षं: ४० किंवा जास्त

यापेक्षा कमी असेल आणि मूल खेळतंय, पितंय, तर बहुधा सर्दी-खोकला. जास्त असेल तर वाट न पाहता दवाखाना गाठा. श्वास घेताना छातीखालचा भाग आत ओढला जात असेल तर थेट रुग्णालयच.

कुठे कोणती तपासणी होते?

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. साधारण व्यवस्था अशी असते. (किटचा साठा आणि कर्मचारी यावर प्रत्यक्षात फरक पडतो.)

आशाताई, उपकेंद्र: हिवतापाची रॅपिड किट. बोटातून रक्ताचा एक थेंब, १५ ते २० मिनिटांत निकाल. तापमान, श्वास, बाळाचं वजन.

प्राथमिक आरोग्य केंद्र: हिवतापासाठी रक्ताची काचपट्टी, हिमोग्लोबिन, लघवीची साधी तपासणी, टीबीसाठी थुंकी (बेडका). बाकीचे रक्ताचे नमुने 'महालॅब' सारख्या मोफत योजनेतून मोठ्या प्रयोगशाळेत जातात.

ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय: पांढऱ्या पेशी व प्लेटलेटसह पूर्ण रक्त तपासणी (सीबीसी), एक्स-रे, डेंग्यूसाठी नमुना, बऱ्याच ठिकाणी टीबीचं ट्रूनॅट मशिन. ट्रूनॅट हे गोव्याच्या कंपनीने तयार केलेलं, बॅटरीवर चालणारं मशिन आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल का, दोन्ही काही तासांत कळतं.

जिल्हा रुग्णालय, मेडिकल कॉलेज: कल्चर, डेंग्यू-लेप्टो-स्क्रब टायफसच्या एलायझा तपासण्या.

इथे एक सावधगिरी. मलेरिया निगेटिव्ह आला म्हणजे अँटिबायोटिक हवीच, असा अर्थ होत नाही. आफ्रिकेतल्या देशांत मलेरियाच्या किट गावोगाव पोचल्यावर मलेरियाच्या गोळ्यांचा गैरवापर घटला, पण निगेटिव्ह आलेल्यांना अँटिबायोटिक देण्याचं प्रमाण वाढलं, असं दिसून आलं. एक तपासणी निगेटिव्ह आली तर पुढचा प्रश्न विचारायचा, गोळी बदलायची नाही.

त्यासाठी सीआरपी नावाची रक्ततपासणी कामी येते. शरीरात मोठी सूज किंवा जिवाणूचा जोर असेल तर सीआरपी सहसा वाढतो. व्हिएतनाममधल्या दहा प्राथमिक केंद्रांत साध्या खोकला-सर्दीच्या रुग्णांवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास झाला. बोटातल्या रक्तावर सीआरपी केलेल्या गटात ६४ टक्के रुग्णांनी अँटिबायोटिक घेतली, न केलेल्या गटात ७८ टक्के. बरं होण्यात फरक पडला नाही. ही तपासणी एकटी सगळं ठरवत नाही, पण डॉक्टरला 'थांबू या' म्हणायला आधार देते.

'टायफॉइड निघाला' म्हणजे खरंच निघाला का?

ग्रामीण भागात सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी 'विडाल' नावाची तपासणी होते, कागदावर पॉझिटिव्ह येतं आणि सात दिवस सुया-सलाईन सुरू होतात.

विडाल तपासणी जिवाणू शोधत नाही. जिवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, शोधते. ती वाढायला साधारण आठवडा लागतो. म्हणजे दुसऱ्या दिवशी खरा टायफॉइडही निगेटिव्ह दिसू शकतो. उलट पूर्वी टायफॉइड होऊन गेला असेल, लस घेतली असेल किंवा मलेरियासारखा दुसराच ताप असेल तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. आपल्याकडे पाण्यातून असे जिवाणू पुष्कळांच्या पोटात जाऊन आलेले असतात. त्यामुळे एकदाच केलेल्या विडालवर विसंबून राहता येत नाही.

टायफॉइडची खात्रीची तपासणी म्हणजे ब्लड कल्चर. तापाच्या पहिल्या आठवड्यात आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जाण्याआधी रक्त घेतलं तर जिवाणू सापडण्याची शक्यता जास्त. आधीच मेडिकलवरून दोन गोळ्या खाल्ल्या असतील तर जिवाणू दबतो, बाटलीत वाढत नाही आणि निदान हुकतं.

टायफॉइड खरा असेल तर त्याला हलक्यात घेऊ नये. आतड्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. सिप्रोफ्लॉक्सासिन ही एकेकाळची हुकमी गोळी भारतातल्या बहुतेक टायफॉइडवर आता नीट चालत नाही. म्हणून योग्य औषध कोणतं हे कल्चरने ठरणं महत्त्वाचं. टायफॉइडची नवी लस उपलब्ध आहे. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांसाठी तिची मोहीम घेतली होती.

कल्चर म्हणजे काय?

सोप्या भाषेत, रुग्णाच्या रक्तातला, लघवीतला किंवा पुवातला जिवाणू बाटलीत-बशीत वाढवून बघायचा. बियाण्याची उगवणक्षमता तपासतो तसंच. जिवाणू उगवला की त्याच्या थराच्या बशीत वेगवेगळ्या औषधांच्या छोट्या कागदी चकत्या ठेवतात. ज्या चकतीभोवती स्वच्छ गोल पडतं, ते औषध चालतं. जिथे जिवाणू चकतीला भिडून वाढतो, ते औषध गेलं. याला 'सेन्सिटिव्हिटी' म्हणतात.

याला दोन ते तीन दिवस, कधी पाच दिवस लागतात. रुग्ण गंभीर असेल तर डॉक्टर रक्त घेऊन लगेच औषध सुरू करतात आणि रिपोर्ट आला की बदलतात.

नमुना बिघडला की रिपोर्ट बिघडतो. म्हणून रुग्णाच्या माणसांनी हे लक्षात ठेवावं:

• लघवी कल्चर: जागा पाण्याने धुऊन, पहिली धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत घ्यायची. घरच्या बाटलीत नाही. दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवायची. उशीर होणार असेल तर थंड ठेवायची.
• ब्लड कल्चरची बाटली: ही मात्र फ्रिजमध्ये किंवा बर्फात ठेवायची नाही. नेहमीच्या तापमानात लवकर पाठवायची.
• टीबीचा बेडका: खोल खोकून छातीतला काढायचा, नुसती लाळ नाही.

ज्या देशांत मोठ्या प्रयोगशाळा नाहीत तिथे 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' ही संस्था पेट्यांत मावणारी 'मिनी-लॅब' वापरते. चकत्यांभोवतीच्या गोलांचा फोटो काढून ते मोजणारं 'अँटिबायोगो' हे मोफत मोबाइल ॲपही तिने तयार केलं आहे. ते प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांसाठी आहे, घरी वापरण्यासाठी नाही.

कशात लागते, कशात नाही?

सर्दी, नाक गळणं, साधा खोकला: नाही. आराम, कोमट पाणी, तापाला पॅरासिटामॉल.

पातळ जुलाब: बहुतेक वेळा नाही. एक लिटर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट आणि मुलांना १४ दिवस झिंक. शौचात रक्त पडत असेल किंवा कॉलराचा संशय असेल तर डॉक्टर अँटिबायोटिक देतात.

डेंग्यू: नाही. पाणी-पातळ पदार्थ आणि रक्ताची तपासणी महत्त्वाची. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

घसा दुखणं: बहुतेक वेळा विषाणूचं. घशात पू, मोठा ताप, गळ्यात गाठी असतील तर तपासून घ्यावं.

लघवीला जळजळ आणि ताप: तपासणी करून, बहुधा लागते. गरोदर बाईने अजिबात टाळू नये.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला: आधी बेडका तपासा. टीबी असताना लिव्होफ्लॉक्सासिनसारखी गोळी घेतली तर थोडं बरं वाटतं, टीबी दबून राहतो आणि निदानाला उशीर होतो. टीबीची तपासणी, औषधं मोफत आहेत आणि उपचार चालू असताना पोषणासाठी महिन्याला १००० रुपये मिळतात.

शेतातल्या तापाकडे वेगळं लक्ष

स्क्रब टायफस: गवत-झुडपातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होतो. २०१८ मध्ये नागपूर आणि आसपास त्याने जोर केला होता. काख, जांघ, कंबर अशा झाकलेल्या जागी बिडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसू शकते. ती दुखत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. नेहमीची अमॉक्सिसिलिन किंवा महागडं सेफ्ट्रायक्झोन इथे चालत नाही. डॉक्सिसायक्लिन ही स्वस्त गोळी चालते. अंगावरची खपली शोधायला पैसे लागत नाहीत, ती वेळेत दिसली तर जीव वाचतो.

लेप्टो: उंदराच्या मुताने दूषित चिखल-पाण्यातून, पायाच्या जखमेतून होतो. कोकणात, भातशेतीत जास्त. पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं, पुढे कावीळ, लघवी कमी. लवकर अँटिबायोटिक मिळणं गरजेचं.

माकडताप: सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा पट्ट्यात २०१६ मध्ये मोठी साथ आली. गोचिडीतून पसरणारा हा विषाणूचा आजार, अँटिबायोटिक चालत नाही.

म्हणून डॉक्टरला ताप किती दिवसांचा आहे एवढंच सांगू नका. काम कुठे करता, चिखलात की गवतात, पायाला जखम आहे का, माकडं मेली का, आधी कोणती गोळी घेतली, हेही सांगा.

रुग्णालयाने काय करायला हवं?

डॉक्टरचीही अडचण असते. बाहेर रांग, हातात रिपोर्ट नाही, रुग्ण पुन्हा येईल याची खात्री नाही, वरून "सुई मारा, सलाईन लावा" हा आग्रह. मग काही सुटू नये म्हणून अँटिबायोटिक लिहिली जाते. तरीही कमी साधनांत करता येण्यासारख्या गोष्टी आहेत:

• कोणत्या आजाराला पहिलं औषध कोणतं, किती दिवस, याचा तक्ता ओपीडीत लावणं.
• गंभीर रुग्णात औषधाआधी कल्चरचा नमुना घेणं.
• दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघून औषध बंद करायचं, बदलायचं की सुईवरून गोळीवर आणायचं हे ठरवणं.
• सिझेरियनसारख्या ऑपरेशनला चिरा देण्याआधी तासाभरात एक डोस देणं. संसर्ग नसेल तर नंतर चार-पाच दिवस सुया चालू ठेवल्याने फायदा नाही.
• साबण, वाहतं पाणी, हात धुणं. लघवीची नळी गरज संपली की काढणं. संसर्गच झाला नाही तर औषधही लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिकचे तीन गट केले आहेत. पहिला 'ॲक्सेस', म्हणजे आधी वापरायची (अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन). दुसरा 'वॉच', जपून वापरायची (अझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम, सिप्रोफ्लॉक्सासिन, सेफ्ट्रायक्झोन). तिसरा 'रिझर्व्ह', शेवटचा उपाय म्हणून राखलेली (कोलिस्टिन, लिनेझोलिड). २०१९ मधल्या भारतातल्या खासगी बाजाराच्या अभ्यासात सर्वाधिक खपलेली गोळी होती अझिथ्रोमायसिन ५००, म्हणजे जपून वापरायच्या गटातली.

लाल रेघ बघा

स्ट्रिपवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. केंद्र सरकारने २०१६ मध्ये याची जनजागृती मोहीम काढली. १ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' हा नियम लागू आहे. त्यातली औषधं विकताना मेडिकलवाल्याला रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं ठेवावी लागते. केरळने जानेवारी २०२४ पासून 'ऑपरेशन अमृत' नावाने चिठ्ठीशिवाय विक्रीवर अचानक तपासण्या सुरू केल्या.

गोठा आणि बागही यातच

गाईच्या कासदाहात (दगडी) दिसेल ती ट्यूब चढवू नका. सीएमटी तपासणी गोठ्यातच होते. औषध दिल्यावर लेबलवर लिहिलेले दिवस संपेपर्यंत ते दूध डेअरीला घालू नये, घरीही पिऊ नये. कोलिस्टिन हे माणसांसाठीचं शेवटचं औषध. जनावरं-कोंबड्यांना देण्यास २०१९ पासून देशात बंदी आहे. डाळिंबाच्या तेल्यावर फवारतात त्या पावडरीतलं स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीचं जुनं औषध आहे.

रुग्णाने डॉक्टरला विचारायचे चार प्रश्न

१. मला जिवाणूचा आजार आहे की विषाणूचा?
२. यात अँटिबायोटिक कोणती आणि तिची गरज का?
३. किती दिवस, दिवसातून किती वेळा?
४. किती दिवसांत उतार पडला नाही तर परत यायचं?

दिलेला कोर्स मधेच सोडू नका, स्वतःहून वाढवू नका. उरलेली गोळी दुसऱ्याला देऊ नका.

इथे थांबायचं नाही, १०८ लावा

• २ महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, अंग गार पडणं, दूध न ओढणं
• झटका, गुंगी, असंबद्ध बोलणं
• धाप, ओठ निळे पडणं
• हातपाय गार, लघवी खूप कमी
• कुठूनही रक्त, सतत उलटी, पोटात जोराचं दुखणं
• गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला ताप

या रुग्णांत अँटिबायोटिकला उशीर झाला तर जीव जाऊ शकतो. औषध वाईट नाही. ते याच माणसांसाठी राखून ठेवायचं आहे. गरोदर बाई आणि बाळासाठी १०२, आरोग्याच्या सल्ल्यासाठी १०४ हे क्रमांकही आहेत.

शेवटची गोष्ट गावाच्या हातातली आहे. प्रत्येक आरोग्य केंद्रात रुग्ण कल्याण समिती असते, तिच्यात लोकप्रतिनिधी असतात. पुढच्या ग्रामसभेत एवढंच विचारा: आपल्या केंद्रात मलेरियाची किट शिल्लक आहे का? लॅब टेक्निशियनचं पद भरलेलं आहे का? कल्चरचा नमुना जिल्ह्याला कोण, कोणत्या गाडीने नेतं आणि रिपोर्ट किती दिवसांत येतो? बाळंतपणाच्या खोलीत हात धुवायला पाणी आहे का? रस्त्याचा, नळाचा हिशेब ग्रामसभेत मागता, तसा हाही हिशेब मागा.